तारण नसलेल्यांचा माणूस

पैसे देणाऱ्या माणसाचं मनापासून कौतुक करणं मराठी वाचकाला जड जातं, आणि ते स्वाभाविक आहे. आपल्या आठवणीत पैसे देणारा म्हणजे सावकार. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांकडचे कर्जरोखे ओढून काढले आणि जाळले. त्यांचा राग पैशावर नव्हता, त्या कागदांवर होता. कुणबी बुडाला तरी देणाऱ्याचं काही बिघडू नये, असाच तो कागद लिहिलेला असे. जमीन सावकाराच्या नावावर चढायची. कर्जाचा पिंडच तसा आहे. देणाऱ्याची नजर घेणाऱ्याच्या कर्तबगारीवर नसते, त्याच्या तारणावर असते. पुढे बँका आल्या, व्याजावर कायद्याचा अंकुश आला, तरी हा पिंड बदलला नाही. गहाण ठेवायला घर, जामीन राहायला पगारदार काका आणि मागच्या काही वर्षांची विवरणपत्रं ज्याच्याजवळ आहेत, त्याला पैसे मिळतात. बाविशीतल्या मुलाजवळ किंवा मुलीजवळ यातलं काहीच नसतं. असतो तो वेळ, एखादं कौशल्य आणि अजून कुणाला न पटलेली एक कल्पना. या तिन्हींवर बोजा चढवता येत नाही.

म्हणून मला एका गुंतवणूकदाराचं कौतुक करायचं आहे, आणि ते हातचं राखून करायचं नाही. पॉल ग्रॅहम यांनी २००५ साली अमेरिकेतल्या केंब्रिज गावात ‘वाय कॉम्बिनेटर’ ही संस्था सुरू केली. जगभरातल्या नव्या तंत्रज्ञान कंपन्या आज ज्या वाटेने उभ्या राहतात, ती वाट बरीचशी त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी पाडली. त्यांच्यामुळे किती अब्ज डॉलर निर्माण झाले हा माझ्या कौतुकाचा विषय नाही. ज्याच्याजवळ तारण नाही त्याला, त्याने काही सिद्ध करून दाखवण्याआधी, वशिल्याशिवाय आणि मालकी न गाजवता पैसे कसे द्यावेत, याची एक साधी रीत त्यांनी बसवून दाखवली. हे काम पैशापेक्षा मोठं आहे असं मला वाटतं.

ही रीत पुस्तकातून आली नाही, स्वतःच्या गरजेतून आली. ग्रॅहम यांनी कॉर्नेलमध्ये तत्त्वज्ञान शिकून पुढे हार्वर्डमधून संगणकशास्त्रात डॉक्टरेट घेतली, आणि मग चित्रकार व्हायचं म्हणून ऱ्होड आयलंड आणि फ्लॉरेन्स इथल्या कलाशाळांची वाट धरली. १९९५ साली त्यांनी मित्र रॉबर्ट मॉरिस यांच्यासह इंटरनेटवर दुकानं उभारून देणारी ‘व्हायावेब’ ही कंपनी सुरू केली, तेव्हा त्यांच्या बँकेत जेमतेम हजारेक डॉलर होते आणि सरकारला द्यायचा कर त्याहून जास्त होता. मॉरिस यांचं पोट विद्यावृत्तीवर चालत होतं. अशा वेळी ज्युलियन वेबर या गृहस्थांनी त्यांना दहा हजार डॉलर दिले. ज्युलियन यांच्या पत्नी आयडेल वेबर चित्रकार होत्या आणि ग्रॅहम यांनी त्यांच्या स्टुडिओत मदतनीस म्हणून काम केलं होतं. ज्युलियन यांनी पैशाबरोबर सुरुवातीची कायदेशीर कागदपत्रं करून दिली, धंद्याचा सल्ला दिला आणि बदल्यात कंपनीचा दहा टक्के हिस्सा घेतला. तीन वर्षांनी याहूने व्हायावेब सुमारे पाच कोटी डॉलरच्या शेअर्सच्या बदल्यात विकत घेतली.

हा सौदा फायद्याचा ठरला हे खरं, पण त्यात मला महत्त्वाची वाटते ती त्याची घडण. रक्कम लहान होती, वेळ अगदी सुरुवातीची होती, आणि सोबत असं ज्ञान होतं जे त्या दोघांकडे अजिबात नव्हतं. प्रोग्रॅमिंगमध्ये दोघं तरबेज होते, पण कंपनीची नोंदणी कशी करायची, भागधारकांचा करार म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. दहा वर्षांनी ग्रॅहम स्वतः गुंतवणूकदार झाले तेव्हा त्यांनी हाच सौदा नमुना म्हणून वापरला, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. आपल्याला मदत करणाऱ्याचे आभार माणसं मानतात, क्वचित परतफेडही करतात. त्या मदतीचा साचा बनवून तो अनोळखी माणसांसाठी खुला करणं फार दुर्मीळ आहे.

मधली सात वर्षं मात्र ग्रॅहम यांनी कुणालाच पैसे दिले नाहीत. द्यायला हवेत असं वाटत राहिलं आणि ते पुढे ढकलत राहिले. मार्च २००५ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांसमोर कंपनी कशी सुरू करावी या विषयावर ते बोलले. सुरुवातीचे पैसे श्रीमंत माणसांकडून घ्या, आणि शक्यतो ज्यांनी स्वतः तंत्रज्ञानाच्या धंद्यात पैसे मिळवलेत अशांकडून घ्या, असं सांगताना समोरची सगळी मुलं आपल्याकडेच आशेने बघताहेत हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी घाईघाईने सांगून टाकलं की माझ्याकडे येऊ नका. ते नाही म्हणणं त्यांना टोचत राहिलं. थोड्याच दिवसांनी, गुंतवणूक बँकेत काम करणाऱ्या जेसिका लिव्हिंगस्टन यांच्यासह रात्रीचं जेवण करून घरी चालत येताना दोघांनी ठरवलं की आपणच अशी संस्था काढू. मॉरिस आणि व्हायावेबमधले तिसरे सोबती ट्रेव्हर ब्लॅकवेल यांनीही त्यात आपले पैसे घातले.

गुंतवणूक कशी करतात हे यातल्या कुणालाच नीट माहीत नव्हतं, आणि त्याचाच फायदा झाला. एकेक कंपनी निवडून वर्षभर गुंतवणूक करत राहण्याऐवजी त्यांनी विचार केला की शिकायचंच आहे तर एका उन्हाळ्यात एकदम पुष्कळांना पैसे देऊन शिकू. विद्यार्थी नाहीतरी सुट्टीत कुठेतरी नोकरी करतात. त्याऐवजी त्यांनी कंपनी काढावी. रक्कमही तशीच ठरली. एमआयटीत संशोधक विद्यार्थ्याला उन्हाळ्यापुरते सहा हजार डॉलर मिळतात असं मॉरिस यांनी सांगितलं, म्हणून प्रत्येक संस्थापकाला सहा हजार. दोघं असतील तर बारा हजार, आणि बदल्यात सहा टक्के हिस्सा. सव्वादोनशे अर्ज आले, त्यातून आठ गट निवडले गेले. दर मंगळवारी ग्रॅहम स्वतः सगळ्यांसाठी रांधायचे, जेवायला एखाद्या अनुभवी माणसाला बोलावायचे, आणि तो माणूस बाहेर कुठे बोलणार नाही अशा गोष्टी त्या मुलांना सांगायचा.

एकत्र तुकडी करण्याची ही कल्पना सोयीपोटी आली होती, पण या सगळ्या उद्योगातला सर्वात मोलाचा शोध तोच निघाला. नवी कंपनी काढणाऱ्याला पैशाच्या टंचाईइतकाच एकटेपणा मारतो. सोबतचे मित्र नोकरीला लागलेले असतात, त्यांच्या पगाराचे आकडे घरात चर्चेत असतात, आणि आपण खोलीत बसून जे करतोय ते कुणाला समजावून सांगता येत नाही. शेजारच्या टेबलावर तसाच वेडा उद्योग करणारी आणखी सात टोळकी असली की तो उद्योग वेडा वाटेनासा होतो. शिवाय कुणाचा सर्व्हर रात्री बंद पडला तर हाक मारायला माणूस असतो, आणि पहिलं गिऱ्हाईकही पुष्कळदा त्याच खोलीत सापडतं. मोठ्या गुंतवणूक संस्थांकडे तेव्हा पैसा भरपूर होता, पण ही सोबत देण्याचं त्यांच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं.

त्या पहिल्या आठ गटांतले दोन गट सविस्तर सांगण्यासारखे आहेत. व्हर्जिनिया विद्यापीठातले स्टीव्ह हफमन आणि ॲलेक्सिस ओहानियन हे ग्रॅहम यांचं हार्वर्डमधलं भाषण ऐकायला सुट्टीत मुद्दाम आले होते. मोबाइलवरून जेवण मागवण्याची त्यांची कल्पना नाकारली गेली. आयफोन यायला अजून दोन वर्षं होती. ते परतीच्या रेल्वेत असतानाच ग्रॅहम यांचा फोन आला: कल्पना बदलायला तयार असाल तर तुम्हाला घेतो. त्यातून ‘रेडिट’ उभं राहिलं. दुसरा गट जस्टिन कान आणि एमेट शिअर यांचा. त्यांनी ‘किको’ नावाचं ऑनलाइन कॅलेंडर बनवलं. २००६ मध्ये गूगलने स्वतःचं कॅलेंडर आणलं आणि किकोचा खेळ संपला. दोघांनी ती कंपनी ईबेवर लिलावात काढली. दोन लाख अठ्ठावन्न हजार डॉलर आले. यानंतर कान यांनी डोक्याला कॅमेरा बांधून स्वतःचं आयुष्य चोवीस तास इंटरनेटवर दाखवण्याची कल्पना मांडली, आणि ग्रॅहम यांनी त्याच माणसांना पुन्हा पैसे दिले. त्या ‘जस्टिन डॉट टीव्ही’मधूनच व्हिडिओ गेम खेळताना थेट दाखवणारं ‘ट्विच’ निघालं, आणि ते ॲमेझॉनने २०१४ मध्ये सत्त्याण्णव कोटी डॉलरना घेतलं.

शेवटचा आकडा बाजूला ठेवून मधली पायरी पाहावी. कंपनी बुडाली, लिलावात गेली, आणि पुढच्या खेपेला देणाऱ्याने त्या बुडण्याचा जाब विचारला नाही. आपल्याकडे धंदा एकदा बुडाला की त्या घराची सोयरीकसुद्धा अडते. बुडण्याची किंमत इतकी जबर असेल तर शहाणी मुलं धंद्यात पडणारच नाहीत, आणि त्यांनी पडू नये असंच मीही सांगेन. किंमत कमी करायला दोन गोष्टी लागतात: बुडालं तर थोडंच बुडावं, आणि बुडाल्यावर माणसाची पत शाबूत राहावी. बारा हजार डॉलरने पहिली गोष्ट साधली. माणूस पाहून पैसे देण्याने दुसरी साधली. कल्पना चुकीची असू शकते, ती बदलेल. माणसं टिकली पाहिजेत, हा हिशोब सावकाराच्या हिशोबाच्या बरोबर उलटा आहे.

एअरबीएनबीची गोष्टही याच जातीची. २००८च्या मंदीत ब्रायन चेस्की, जो गेबिया आणि नेथन ब्लेचार्झिक हे अनोळखी लोकांच्या घरात मुक्कामाची सोय करून देऊ पाहत होते, आणि कुठलाही गुंतवणूकदार त्यांना उभं करत नव्हता. ग्रॅहम यांनाही कल्पना पटली नव्हती. पण या मुलांनी निवडणुकीच्या हंगामात ओबामा आणि मॅकेन यांच्या नावांनी सकाळच्या न्याहारीचे खोके छापून चाळीस-चाळीस डॉलरना विकले होते आणि त्यावर कंपनी तगवली होती, हे कळल्यावर त्यांनी मत बदललं. तगून राहण्याची ही चिवट हुशारी त्यांना कल्पनेपेक्षा मोलाची वाटली. पुढे त्यांनी दिलेला सल्लाही असाच जमिनीवरचा होता. तुमचे घरमालक न्यूयॉर्कमध्ये आहेत ना, मग तुम्ही कॅलिफोर्नियात बसून काय करताय? तिथे जा, त्यांना भेटा. मुलं गेली, दारोदार हिंडली, घरांचे चांगले फोटो स्वतः काढून दिले, आणि धंदा हलला. सुरुवातीला हाताने करावी लागणारी, मोठ्या प्रमाणावर कधीच न करता येणारी कामं टाळू नका, हे सूत्र ग्रॅहम यांनी २०१३ मध्ये एका निबंधात मांडलं. मला तो त्यांचा सर्वात उपयोगी निबंध वाटतो. कंपनी न काढणाऱ्याने, नवी शाळा किंवा नवं ग्रंथालय चालवणाऱ्यानेही तो वाचावा.

त्यांचे निबंध हा त्यांच्या देण्याचाच भाग आहे. संस्थेत निवड झालेल्यांना जे सांगायचं ते त्यांनी सगळ्यांना फुकट वाचायला दिलं. हिस्सा द्यावा की नाही याचं गणितसुद्धा त्यांनी २००७ मध्ये उघडपणे लिहिलं. एखाद्याला कंपनीचा सहा टक्के हिस्सा दिला तर आपल्याकडे चौऱ्याण्णव उरतात. तेव्हा त्याच्या येण्याने कंपनीची सरासरी किंमत निदान साडेसहा टक्क्यांच्या आसपास वाढणार असेल तरच सौदा करा, नाहीतर करू नका. घेणाऱ्याच्या हातात त्याच्याच बाजूचा तराजू देणारा धनको माझ्या पाहण्यात दुसरा नाही. पुढे २०१३ मध्ये या संस्थेने गुंतवणुकीच्या कराराचा एक लहान, सोपा मसुदा तयार करून सर्वांसाठी खुला केला. कुणीही तो वापरावा. वकिलाच्या बिलात मुलांचे पहिले पैसे जाऊ नयेत, हा त्यामागचा विचार. संचालक मंडळावर खुर्ची मागायची नाही, हाही शिरस्ता त्यांनी ठेवला.

इथे किर्लोस्करांची आठवण येणं अपरिहार्य आहे. बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा काढून घेतल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१० साली कुंडलजवळचं माळरान आणि दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं. त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगर विकला जाईल याची खात्री तेव्हा कुणाला होती? योगायोग असा की औंधचे राजे चित्रकार होते आणि लक्ष्मणरावही आधी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते. बाळासाहेबांच्या रसिक धाडसाबद्दल मला अपार आदर आहे. पण तो दरवाजा एका राजाचा होता. राजा गुणग्राहक निघाला म्हणून उघडला, शेजारच्या संस्थानात तो बंदच राहिला असता. ग्रॅहम यांनी केलं ते असं, की दाराला एक अर्ज लावला. तो कुणीही भरावा; कुणाची चिठ्ठी लागत नाही, कुणाच्या काकांचा फोन लागत नाही. नंतर दहा मिनिटांची मुलाखत, आणि त्याच दिवशी उत्तर. गुंतवणुकीच्या धंद्यात तोवर ओळखीच्या माणसाने ओळख करून दिल्याशिवाय भेटसुद्धा मिळत नसे. आश्रयाचा हा लहरी गुण काढून त्याची शिस्त बनवणं मला त्यांच्या कुठल्याही एका यशस्वी निवडीपेक्षा मोठं वाटतं.

आणि या कामाचं अर्धं श्रेय जेसिका लिव्हिंगस्टन यांचं आहे. वर्तमानपत्रांनी ते वर्षानुवर्षं दिलं नाही. त्या बोस्टनच्या एका गुंतवणूक बँकेत काम करत होत्या आणि कंपन्या काढणाऱ्यांच्या मुलाखतींचं पुस्तक लिहीत होत्या. ते २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. तांत्रिक प्रश्न बाकीचे तिघं विचारायचे आणि लिव्हिंगस्टन माणूस पाहायच्या. हे दोघं एकमेकांशी खरे आहेत का, अडचणीत एकमेकांना सोडतील का, यातला कुणी खोटं बोलतोय का, हे त्यांना मुलाखतीच्या खोलीत कळायचं. कंपन्यांची नोंदणी, करार, जेवणावळी, रुसवेफुगवे, सगळं त्या सांभाळायच्या. ग्रॅहम यांनी २०१५ मध्ये एक पूर्ण निबंध लिहून हे सांगितलं. माणसावर पैसे लावायचे हा जर या रीतीचा कणा असेल, तर माणूस ओळखणारी व्यक्ती त्या रीतीच्या केंद्रस्थानी होती. आणि त्या व्यक्तीचं नाव मराठीत फारसं कुणाला माहीत नाही याची मला खंत वाटते.

आता आक्षेप. सर्वात गंभीर आक्षेप असा की हे सगळं मोजक्या जॅकपॉटवर चालतं आणि उरलेली मुलं त्या लॉटरीची तिकिटं असतात. ग्रॅहम यांनी आकडा लपवला नाही. २०१२ मध्ये त्यांनी लिहिलं की संस्थेने पैसे दिलेल्या शेकडो कंपन्यांची एकत्र किंमत साधारण दहा अब्ज डॉलर धरली तर त्यातला सुमारे तीन चतुर्थांश वाटा ड्रॉपबॉक्स आणि एअरबीएनबी या दोनच कंपन्यांचा आहे. म्हणजे पैशाच्या दृष्टीने बाकीच्यांना मदत केली काय आणि नाही काय, फारसा फरक पडत नाही. मग तरीही सगळ्यांना सारखाच वेळ का द्यायचा? एक उत्तर असं, की कोणती दोन हे आधी कळत नाही. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. मला त्यापुढचं दिसतं. ज्याला तीन महिने खऱ्या गिऱ्हाइकासमोर उभं राहावं लागलं, ज्याला आपण बनवलेलं कुणाला नकोय हे लवकर आणि स्वस्तात कळलं, त्याच्या पदरात काहीच पडलं नाही असं म्हणता येत नाही. कर्जात बुडलेल्याच्या मागे वसुली लागते. इथे बुडालेला मोकळा होतो, आणि जे शिकला ते त्याचंच राहतं. शिवाय मुलांना भुलवून कॉलेज सोडायला लावल्याचा आरोप ज्यांच्यावर होतो, त्याच ग्रॅहम यांनी २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांना सांगितलं की कॉलेजात असताना कंपनी काढू नका. ती यशस्वी झाली तर तुमचं आयुष्य गिळून टाकेल, आणि या वयात करून पाहायच्या पुष्कळ गोष्टी पुन्हा करता येणार नाहीत. स्वतःच्या धंद्याविरुद्ध जाणारा सल्ला तो देणाऱ्याच्या प्रामाणिकपणाची साक्ष असतो.

दुसरा आक्षेप मला जास्त जवळचा आहे. २०१३ मध्ये एका मुलाखतीत ग्रॅहम म्हणाले की प्रमुखाच्या बोलण्यात परक्या भाषेचा जड हेल असणं ही वाईट खूण आहे. गदारोळ झाल्यावर त्यांनी खुलासा केला: हेल असण्याला हरकत नाही, बोललेलं समोरच्याला कळतच नसेल तर अडचण होते. खुलासा तर्काला धरून आहे. पण न कळण्याचा दोष प्रत्येक वेळी बोलणाऱ्याचाच कसा? सांगली किंवा नांदेडहून मराठी माध्यमात शिकून आलेली मुलगी इंग्रजी वाक्य मनात जुळवून बोलते, तेव्हा ऐकणाऱ्याने दोन मिनिटं जास्त थांबावं एवढीच अपेक्षा असते. दहा मिनिटांच्या मुलाखतीत ती दोन मिनिटं मिळत नाहीत. अर्ज सगळ्यांना खुला असला तरी मुलाखतीची खोली सगळ्यांना सारखी नसते, हे या रीतीतलं खरं वैगुण्य आहे आणि ते ग्रॅहम यांना पुरतं दिसलं असं मला वाटत नाही. संस्था मात्र तिथे थांबली नाही. भारतासाठी काम करणाऱ्या कंपन्या तिने २०१४ पासून घ्यायला सुरुवात केली. २०१५च्या हिवाळी तुकडीत आयआयटी रुरकीचे हर्षिल माथुर आणि शशांक कुमार यांची ‘रेझरपे’ होती. भारतात लहान धंद्याला इंटरनेटवर पैसे स्वीकारणं किती किचकट होतं हे हजारो प्रोग्रॅमर जाणून होते आणि त्या कटकटीत कुणी हात घालत नव्हतं. कंटाळवाण्या, बँकांच्या दारात खेटे घालायला लावणाऱ्या प्रश्नाकडे मन आपोआप डोळेझाक करतं, हे ग्रॅहम यांनी २०१२ मध्ये कॉलिसन बंधूंच्या ‘स्ट्राइप’चं उदाहरण देऊन मांडलं होतं. त्याची भारतीय आवृत्ती तीन वर्षांनी त्यांच्याच संस्थेतून निघाली.

तिसऱ्या मुद्द्यावर मी त्यांच्याशी सहमत नाही. २०१६ मध्ये त्यांनी लिहिलं की आर्थिक विषमता सरसकट वाईट मानू नये; कंपन्या काढून संपत्ती निर्माण करणाऱ्यांमुळेही ती वाढते, तेव्हा लढायचं ते गरिबीशी. त्यांचीच गोष्ट याला उत्तर देते. व्हायावेबच्या पहिल्या वर्षी मॉरिस यांना विद्यावृत्ती होती म्हणून त्यांना जोखीम परवडली. ज्याच्या पायाखाली जमीन आहे तोच उडी घेतो. विषमता एका हद्दीपलीकडे गेली की ती जमीनच मूठभर घरांपुरती उरते, आणि मग अर्ज कितीही खुला ठेवा, तो भरण्याइतकी फुरसत त्याच घरांतल्या मुलांना असते. ग्रॅहम यांनी दाराबाहेरची वशिल्याची रांग मोडली. दारापर्यंत यायचा खर्च हा वेगळा प्रश्न आहे आणि तो गुंतवणूकदाराच्या हातचा नाही. त्याला सरकारी शाळा, वसतिगृहं आणि शिष्यवृत्त्या लागतात. हे मान्य केल्याने त्यांच्याबद्दलचा माझा आदर कमी होत नाही.

उलट तो वाढतो त्यांच्या सोडून जाण्याने. २०१० मध्ये मॉरिस यांनी त्यांना न मागताच एक सल्ला दिला होता: वाय कॉम्बिनेटर हे तुझ्या हातून झालेलं शेवटचं चांगलं काम ठरू नये याची काळजी घे. पुढे ग्रॅहम यांच्या आई आजारी पडल्या. त्यांना भेटायला ओरेगॉनला विमानाने जाता-येता विचार करायला वेळ मिळाला, आणि आता हे दुसऱ्याकडे सोपवावं असं त्यांनी ठरवलं. २०१४ मध्ये त्यांनी सूत्रं सॅम ऑल्टमन यांच्याकडे दिली. पहिल्या आठ गटांपैकी एका गटात एकोणिसाव्या वर्षी आलेला हा मुलगा तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. आपल्याकडच्या संस्था संस्थापकाच्या मुलाकडे जातात किंवा संस्थापकाबरोबर संपतात. इथे संस्था तिच्याच विद्यार्थ्याकडे गेली. ग्रॅहम यांनी त्या वर्षाचा बराचसा काळ चित्रं काढण्यात घालवला आणि नंतर चार वर्षं एका नव्या प्रोग्रॅमिंग भाषेवर काम केलं, जिच्यातून एक डॉलरही मिळणार नव्हता.

संस्था पुढे खूप वाढली. आठ गटांच्या जागी एका तुकडीत चारशेहून जास्त कंपन्या घेण्याची वेळ २०२२ च्या हिवाळ्यात आली, आणि मग ती संख्या पुन्हा कमी करावी लागली. रक्कमही आता पाच लाख डॉलर आहे. त्यातले सव्वा लाख सात टक्के हिश्श्यासाठी, आणि उरलेले पुढच्या गुंतवणुकीच्या अटी ठरतील त्याप्रमाणे. ग्रॅहम यांचंच गणित लावलं तर सात टक्क्यांसाठी कंपनीची किंमत साडेसात टक्क्यांहून जास्त वाढायला हवी. इतक्या गर्दीत पहिल्या आठांना मिळालेली सोबत मिळते का, पाहुण्याच्या तोंडून न छापलेल्या गोष्टी ऐकायला मिळतात का, आणि त्या साडेसात टक्क्यांना पुरतात का, हे आज अर्ज भरणाऱ्या पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या मुलामुलींनी आधी तिथे जाऊन आलेल्यांना विचारून ठरवावं.